पाळण्याची खूण

अक्कांना काहीही विचारा, उत्तराआधी त्यांचा प्रश्न ठरलेला असे: "तू उभा कुठे आहेस?" प्रोग्राम अडला म्हणून विचारा, नाहीतर चाळीसगावच्या गाडीची वेळ विचारा, त्या आधी समोरच्याला जागेवर उभं करत आणि मगच बोलत. शेठजींनी खालच्या दुकानातून फोन करून "अक्का, काम कधी होणार?" म्हटलं तरी त्यांचीही सुटका नव्हती. "मी तर गादीवर बसलोय अक्का, उभा कशाला राहू?" असं ते बिचारे म्हणत. अक्का न हसता म्हणत, "बसा की. पण कुठल्या कामाबद्दल विचारताय ते सांगा." रागावल्या की त्यांच्या तोंडून भडगावकडची बोली बाहेर पडे. "अरे भाऊ, तू उभा कोठे शे?" असं ऐकू आलं की आज कुणाची तरी धडगत नाही हे आम्ही समजून जायचो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. जळगावात शेठजींचं औषधांचं घाऊक दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर त्यांनी पुतण्याच्या हट्टापायी संगणकाचं ऑफिस काढलं होतं. परदेशी प्रकाशकांची पुस्तकं आमच्याकडे येत. मुली ती टाइप करत आणि प्रत्येक तुकड्याभोवती खुणा घालत: हे प्रकरण, हे लेखकाचं नाव, ही तळटीप. मग अक्का आणि मी त्या मजकुरातून हवं ते उचलून हव्या त्या रूपात मांडायचे नियम लिहायचो. खुणा घालायच्या या पद्धतीला एक्सएमएल म्हणतात. तेव्हा ते इतकं नवं होतं की मी नेमकं काय काम करतो हे घरी सांगताच येत नसे. शेवटी आईने शेजारीपाजारी सांगून टाकलं की पोरगा औषधाच्या दुकानात असतो. त्यामुळे लग्नाच्या बाजारात माझा भाव थोडा वधारलाच.

अक्कांनी पुण्यात संगणकावर पुस्तकं मांडायच्या कामात बरीच वर्षं काढली होती. वडील अंथरुणाला खिळले म्हणून त्या परत आल्या आणि वडील गेल्यावरही इकडेच राहिल्या. लग्न केलं नव्हतं. सुती साडी, खोचलेला पदर, चष्म्याला अडकवलेली काळी दोरी आणि पर्समध्ये कायम खडू. संगणकाच्या ऑफिसात खडू कशाला, असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी माझा नियम चुकला तेव्हा कळलं. अक्कांनी खुर्च्या बाजूला सारल्या, फरशीवर खडूने एक मोठं झाड काढलं, सगळ्यात वर पुस्तक, त्याखाली प्रकरणं, प्रकरणाखाली लेखक आणि परिच्छेद, आणि मला हाताला धरून एका फांदीवर उभं केलं. टाइप करणाऱ्या मुली माना वळवून बघत होत्या आणि मी दुसऱ्या प्रकरणावर दोन्ही पाय जुळवून उभा होतो. "आता सांग," अक्का म्हणाल्या, "इथून लेखकाकडे कसा जाशील?"

हे नियम ज्या भाषेत लिहायचे तिची सगळी खोड त्या उभं राहण्यात होती. तिच्यात प्रत्येक गोष्टीचा पत्ता सांगावा लागतो आणि तो पत्ता तुम्ही जिथे उभे असाल तिथून मोजला जातो. नुसतं 'लेखक' म्हटलं तर तुमच्या पायाखालच्या प्रकरणाचा लेखक. पण त्याच्याआधी दोन तिरक्या रेघा मारल्या की तुम्ही थेट झाडाच्या शेंड्यावर जाता आणि सगळ्या पुस्तकातल्या लेखकांची रांग समोर उभी राहते. त्या रांगेतला पहिला मग मुकाट्याने छापला जातो. मी तेच केलं होतं. प्रत्येक प्रकरणाखाली पहिल्या प्रकरणाच्या लेखकाचं नाव आलं होतं. मला हसू आलं. अक्कांना आलं नाही. "हे हसण्यावारी नेऊ नकोस. नमुना म्हणून तू एकच प्रकरण घेतलंस. एकाच प्रकरणावर तुझी चूक दिसणारच नाही, तिथे पहिलं आणि शेवटचं एकच," असं त्या म्हणाल्या, आणि मला त्या फरशीवर बराच वेळ तसंच उभं ठेवलं.

चौकोनी कंसाचा त्यांना फार राग. कंसात अट घातली की भाषा तुम्हाला न सांगता तुमची जागा बदलते. बाहेर तुम्ही एका प्रकरणावर उभे असता, कंसात शिरलात की जे तपासलं जातंय त्याच्यावर. मग कंसातलं 'इथे' म्हणजे बाहेरचं 'इथे' राहत नाही. अक्का म्हणत, "उंबरा ओलांडताना खाली बघायचं, भाऊ. आत गेल्यावर तू पाहुणा असतोस." त्या स्वतः कंस लिहिताना बोलणं थांबवत. मुली कुजबुजत असल्या तरी हात वर करत आणि कंस बंद झाल्यावरच हात खाली येई.

पण त्यांची खरी भीती वेगळीच होती. पत्ता चुकला तर ही भाषा ओरडत नसे. अस्तित्वात नसलेल्या घराचा पत्ता दिला तरी ती जाऊन येई, रिकाम्या हाताने परत येई आणि काही झालंच नाही असा चेहरा करून पुढे जाई. पडद्यावर लाल अक्षर नाही की इशारा नाही. अक्का अधूनमधून मुद्दाम एखादं नाव चुकवत आणि मला बोलावून दाखवत. "बघ, गप्प बसली. शिट्टी होत नाही त्या कुकरसारखी आहे ही. बाहेरून सगळं ठीक." एखादा नियम पहिल्याच फटक्यात बरोबर चालला की आम्ही खूश व्हायचो आणि अक्कांचं तोंड उतरायचं. कुठे काय गप्प बसलंय, हे शोधत त्या चहा न पिता पानामागून पान तपासत. मला तेव्हा वाटे, बाईंना आनंद म्हणून पचत नाही.

तर अशा बाईंकडे ते पुस्तक आलं. धुळ्याच्या एका धर्मादाय संस्थेला गावोगावच्या आरोग्यसेविकांसाठी खिशात मावेल असं औषधांचं पुस्तक काढायचं होतं: औषधाचं नाव, कशावर द्यायचं, किती द्यायचं आणि कुणाला द्यायचं नाही. शेठजींनी पुण्यकर्म म्हणून ते काम वरच्या मजल्यावर पाठवलं. परदेशी तळटीपांना कंटाळलेल्या अक्का या कामाने उजळून निघाल्या. कितीतरी सेविकांना जेमतेम वाचता येतं हे कळल्यावर त्यांनीच सुचवलं की जे औषध तान्ह्या बाळाला चालतं त्याच्यासमोर पाळण्याचं छोटं चित्र छापू. पाळणा दिसला तर द्यायचं, नाही दिसला तर नाही. संस्थेच्या डॉक्टरांना ही कल्पना फार आवडली. अक्कांनी तो पाळणा स्वतः कागदावर काढला, वर फिरकी आणि खाली झालर असलेला. मुलींनी तो डोक्यावर घेतला. त्या दिवशी शेवभाजी आणि भाकरीचा डबा सगळ्यांनी मिळून खाल्ला, आणि अक्का एकदाच, पण मोठ्याने हसल्या.

पाळणा छापायचा नियम एका ओळीचा होता. प्रत्येक औषधाखाली मनाई लिहिलेली असे: कशाखाली अर्भक, कशाखाली गरोदर बाई, कशाखाली दोन्ही, आणि कुणालाच मनाई नसेल तर 'नाही' असा शब्द. नियम म्हणत होता की मनाई अर्भक नसेल, तर पाळणा छाप. आमच्याकडचा तेव्हाचा प्रोग्राम त्या भाषेच्या कायद्याच्या कच्च्या मसुद्यावर बेतलेला होता. एका औषधाला अनेक मनाया असल्या तर तो फक्त पहिली बघे. अक्कांना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ऑफिसात एक शिस्तच घालून दिली: मनाईत अर्भक असेल तर ते सगळ्यात आधी भरायचं. "बाळ आधी, बाळ आधी," असं मुली टाइप करताना पुटपुटत, जेवतानाही एकमेकींना चिडवत. डॉक्टरांनी पहिली मुद्रितं अगदी डोळ्यात तेल घालून तपासली. सगळे पाळणे जागच्या जागी होते.

मग नव्याण्णव सालचा शेवट आला. सगळीकडे दोन हजार सालाची धास्ती होती. घड्याळं शून्यावर येणार, बँका बंद पडणार असं लोक बोलत होते आणि शेठजींनी दुकानातला संगणक आठवडाभर आधीच बंद करून फडक्याखाली झाकला होता. आमच्याकडे मात्र आनंद होता. ज्या भाषेत आम्ही काम करायचो तिचे नियम अखेर पक्के झाले होते आणि शेठजींच्या पुतण्याने मुंबईहून नव्या नियमांप्रमाणे चालणारा प्रोग्राम आणला होता. या दिवसाची सगळ्यात जास्त वाट अक्कांनीच पाहिली होती. "आता सगळ्यांना एकच कायदा," त्या म्हणाल्या. "ज्याने त्याने आपापला अर्थ लावायचा, हे संपलं." पूर्वी पहिल्या गोष्टीचा आकडा शून्य धरायचा, तो आता एक झाला होता. त्यासाठी आम्ही सगळ्या ओळी पुन्हा चाळल्या. पाळण्याच्या ओळीत आकडाच नव्हता. ती जशीच्या तशी राहिली.

तेवढ्यात संस्थेचा निरोप आला की पुस्तकाचा आकार थोडा लहान करा, सेविकांच्या झोळीत बसत नाही. मजकूर तोच होता, नियम तेच होते, फक्त पानं नव्याने पाडायची होती. अक्कांनी ती नव्या प्रोग्राममधून काढली. पहिली काही पानं जुन्यांशी ताडून पाहिली. जुळली. डॉक्टरांनीही या वेळी ओळी कुठे तुटतात एवढंच पाहिलं. पुस्तक छापखान्यात गेलं आणि संक्रांतीच्या सुमाराला चोपड्याच्या शिबिरात वाटलं गेलं. त्या काळात अक्का मला विलक्षण हलक्या दिसत होत्या. चहा पूर्ण प्यायच्या. कधी नव्हे त्या स्वतःच्याच कामावर खूश होत्या, आणि मला ते बघून बरं वाटलं होतं.

आमच्यासाठी राखलेल्या प्रती शिबिरानंतर काही दिवसांनी आल्या. दुपारची वेळ होती. मुलींनी गठ्ठा सोडला, पाळणा बघायला एकमेकींच्या हातातून पुस्तक ओढलं. अक्कांनी एक प्रत घेतली, मधलंच कुठलं तरी पान उघडलं आणि त्यांचा हात तिथेच थांबला. जुलाब थांबवायच्या एका औषधासमोर पाळणा होता. त्याच्याखालीच बारीक अक्षरात लिहिलं होतं: मनाई, अर्भक, गरोदर. अक्कांनी पान उलटलं. पुढे झटक्यांवरचं एक औषध, पुन्हा दोन मनाया, पुन्हा पाळणा. त्यांनी पर्समधून खडू काढला, खाली बसल्या आणि फरशीवर ते औषध काढू लागल्या.

मग त्यांनी टाइप करणाऱ्या दोघींना हाक मारली. "सुनंदा, तू अर्भक. इथे उभी राहा. रेखा, तू गरोदर. तिच्या शेजारी." दोघी हसत उभ्या राहिल्या, त्यांना वाटलं नेहमीचा खेळ आहे. अक्का म्हणाल्या, "आता मी जुना प्रोग्राम. मी फक्त पहिलीला विचारते. तू कोण?" सुनंदा म्हणाली, "अर्भक." "मग पाळणा नाही. बरोबर." अक्का एक पाऊल बाजूला सरकल्या. "आता मी नवा प्रोग्राम. मी सगळ्यांकडे बघते. तुमच्यात अर्भक नसलेलं कुणी आहे का?" रेखाने हात वर केला. ती अजून हसतच होती. अक्कांनी तिच्या त्या हाताकडे पाहिलं आणि खडू खाली ठेवला.

माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. नव्या कायद्यात 'नसेल' याचा अर्थ 'एखादं तरी वेगळं असेल' असा होता. एकच मनाई असलेल्या औषधांचं सगळं ठीक होतं, आणि ताडून पाहिलेल्या पानांवर नेमकी तीच होती. पण बाळालाही नको आणि गरोदर बाईलाही नको, अशी जी जहाल औषधं होती त्या प्रत्येकासमोर पाळणा छापला गेला होता. जेवढी मनाई जास्त, तेवढी पाळण्याची खात्री. "उलट विचारायला हवं होतं," अक्का म्हणाल्या. "यात बाळ आहे का? असेल तर पाळणा नको. एवढंच विचारायचं होतं मला." रेखाचा हात अजून वरच होता. तिला कुणी खाली घे म्हटलंच नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही संस्थेच्या जीपने निघालो. अक्का, डॉक्टर आणि मी. चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत केळीच्या बागा आणि वेचणी संपलेल्या कपाशीची रानं होती. एरवी मला तो रस्ता आवडतो. त्या दिवशी कुठल्याही घराबाहेर बाई मूल घेऊन बसलेली दिसली की मी आधी त्या मुलाकडे बघे. डॉक्टर म्हणाले, "सुधारित आवृत्ती येणार आहे म्हणून प्रती परत घेतोय, असं सांगू. उगाच घबराट नको." अक्कांनी जीप थांबवायला लावली. "मी खरं सांगणार आहे. ज्यांना ते चालत नसेल त्यांनी इथेच उतरावं." डॉक्टर उतरले नाहीत. चांगला माणूस होता तो.

प्रत्येक दारात अक्का तेच बोलल्या: पुस्तकात चूक आहे, चूक माझी आहे, पुस्तक परत द्या. आणि मग तो प्रश्न, "पाळणा बघून यातलं कुठलं औषध बाळाला दिलं का?" प्रश्न आणि उत्तर यांच्या मध्ये जो क्षण जाई त्यात अक्का श्वास घेत नसत. बहुतेक जणींनी पुस्तक अजून उघडलंही नव्हतं. एकीने ते देवाजवळ ठेवून कुंकू लावलं होतं. एक म्हातारी सेविका पुस्तक देईना. "पाळना दखीसनच देवानं ना, अक्का? तुम्हीच तर सांगेल शे," असं ती म्हणाली. शिबिरात तिला हेच पाठ करायला लावलं होतं. तिच्या गावात तेव्हा तान्हं मूलच नव्हतं. आम्ही जीपमध्ये परत बसलो तेव्हा अक्का देवाचं नाव घेत होत्या, आणि त्यांना मी आधी कधी देवाचं नाव घेताना ऐकलं नव्हतं.

शेवटच्या वस्तीत कमलबाई नावाची सेविका भेटली. तिच्याकडे पुस्तक नव्हतं. ती ओशाळून म्हणाली, "मनी बहीण लई गयी. तिना पोरले जुलाब लागेल व्हतात ना." तिची बहीण मोलमजुरी करणारी. कामाला निघताना वाटेत एक दिवस थांबली, मूल अंगावरचं, त्याचं पोट बिघडलेलं. ती जाताना कमलबाईने तिला वाटेत उपयोगी पडेल म्हणून पुस्तक दिलं आणि संस्थेने वाटलेल्या गोळ्यांच्या पुड्याही दिल्या. अक्कांनी विचारलं, "बहिणीला वाचता येतं?" कमलबाई म्हणाली, नाही, पण चित्र कळतं ना.

"कुठे गेली ती?" अक्का जीपकडे वळतच म्हणाल्या. "डोंगरना पल्याडे," कमलबाईने हाताने उत्तरेचा डोंगर दाखवला. "कामवर. ठिकाना माहीत नही." आम्ही डोंगर ओलांडून पलीकडच्या बाजारगावापर्यंत गेलो. औषधाच्या दुकानांत, बस थांब्यावर, वीटभट्ट्यांवर विचारलं. मजुरांच्या टोळ्या येऊन गेल्या होत्या आणि पुढेही गेल्या होत्या. कुणी म्हणे इंदूरकडे, कुणी म्हणे गुजरातेत. नावावरून कुणालाच काही सांगता येईना. परत येताना डॉक्टर हळूच म्हणाले, "अक्का, एखादी गोळी गेली पोटात म्हणून लगेच काही होतंच असं नाही. बहुतेक ते मूल बरंच असेल." अक्का म्हणाल्या, "बहुतेक."

पुस्तक नव्याने छापलं, पाळणे जागेवर आले, संस्थेने अक्कांना एका शब्दानेही दुखावलं नाही. शेठजी तर म्हणाले, "अक्का, प्रोग्राम बदलला, तुमची ओळ तर तीच होती! तुमचा काय दोष?" अक्कांनी त्यांना एवढंच सांगितलं की ती ओळ कोण वाचणार आहे हे पाहणं माझंच काम होतं. त्यांनी जळगाव सोडलं आणि धुळ्याला भाचीकडे राहायला गेल्या. जाताना माझ्या टेबलापाशी आल्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "अक्का, तुमच्याशिवाय मला हे जमायचं नाही." "जमेल," त्या म्हणाल्या. "ते मूल गेलं असं कळलं असतं ना भाऊ, तर मी रडले असते. जगलं असं कळलं असतं तरी रडले असते." मग त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि जिना उतरून गेल्या. मला त्यांच्या मागे जायला हवं होतं का, ते अजून कळत नाही.

पुढे कमलबाईची बहीण परत आली नाही. अक्का दर काही महिन्यांनी कमलबाईला निरोप पाठवत आणि दर वेळी तेच उत्तर येई. धुळ्याला त्यांनी कुठलंच काम धरलं नाही. भाची सांगे, भाजी आणायला जातात तेव्हा रस्त्यात मजुरांचं बिऱ्हाड दिसलं की थांबतात, त्यातल्या बायकांची नावं विचारतात. मी दोनदा भेटायला गेलो. त्यांनी भरीत केलं होतं, जेवायला वाढलं, कामाबद्दल एक शब्द विचारला नाही. माणूस समोर बसून वांग्याची फोड वाढत असतो आणि तरी तिथे नसतो, हे मी त्या घरात पाहिलं.

अक्का गेल्या त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्याशी माझं शेवटचं बोलणं फोनवर झालं. माझी मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती आणि सकाळपासून तिला जुलाब सुरू होते. बायकोने शेजारणीकडून एक गोळी आणली होती, पाण्यात उगाळून देऊ म्हणून. मी ती तिच्या हातातून काढून घेतली आणि काही न सुचून, सवयीने, अक्कांना फोन लावला. सगळं सांगितलं. पोरगी केवढी, एवढं त्यांनी आधी विचारलं. मग त्या म्हणाल्या, "मला औषध विचारू नकोस. आत्ता उचल पोरीला आणि डॉक्टरकडे ने." मी बरं म्हणून फोन ठेवणार तेवढ्यात त्या ओरडल्या, "थांब. तिचं काय झालं ते मला कळव. काहीही झालं तरी कळव. विसरू नकोस, भाऊ."

डॉक्टरांनी साखर-मिठाचं पाणी चालू केलं, एक रात्र दवाखान्यात ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी दूध प्यायली आणि माझ्या बोटाला धरून खेळू लागली. मी दवाखान्याबाहेरच्या फोनवरून धुळ्याला फोन केला. पहिली घंटा पूर्ण व्हायच्या आत उचलला गेला. मागून भाचीचा आवाज येत होता, की मावशी, आता तरी दोन घास खा, कालपासून फोनपाशी बसली आहेस.

"अक्का, मी बोलतोय," मी म्हणालो. "मुलगी बरी आहे."

अक्कांनी भाचीला थांबवलेलं ऐकू आलं.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या.

"बरी आहे, अक्का. दूध प्यायली. हसतेय."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.